छपराचा पूल

आमच्या नदीवर छपराचा पूल होता असं सांगितलं, की ऐकणारा पहिल्यांदा हेच विचारतो, पुलाला छप्पर कशाला? चाकरीवर रुजू झाले त्या आठवड्यात मीही तेच विचारलं होतं. म्युनिसिपालिटीचा म्हातारा सुतार एक सैल फळी ठोकत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ते मानसांसाठी न्हाई बाई, लाकडासाठी. लाकूड उन्हापावसात कुजतं. मानसाचं काय, मानसाला छत्री हाय."

उत्तर पटण्यासारखं होतं. पुढे लाकूडही टिकलं आणि छप्परही टिकलं, तरी पूल राहिला नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. नगर जिल्ह्यातलं आहे, नदीकाठी आहे, रविवारी बाजार भरतो, एवढं पुरे. तिथल्या काही सासवा अजून हयात आहेत, आणि तेव्हाच्या सुना आता सासवा व्हायला आल्या आहेत. माणसांची नावंही बदलून लिहिते आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत मी तिथे म्युनिसिपल दवाखान्यात नर्स होते. माझे वडील भिंगारला छावणीच्या कचेरीत कारकून. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत संपलं. वडील व्यवहारी होते. त्यांनी मला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. आईला ते पसंत नव्हतं. भटाब्राह्मणाची मुलगी दारोदार सुईणपण करणार, विटाळाचे कपडे हाताळणार, हे तिच्या पचनी पडलं नाही. ती भांडली नाही. फक्त मी जिथे नोकरीला असे तिथे ती येत नसे आणि माझ्या हातचं पाणी घेत नसे. सुट्टीत घरी गेले की पाण्याचं भांडं मला वेगळं. सवय होते.

आता कामाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाळंतपण म्हणजे कळा सुरू झाल्या की धावत जाणं, असं बाहेरच्यांना वाटतं. त्या वेळी हातात फार थोडं उरलेलं असतं. खरं काम आधीच्या महिन्यांतलं. पापणी खाली ओढून अंगात रक्त किती आहे बघायचं, नडगीवर अंगठा दाबून सूज बघायची, मुलाचं डोकं कुठे आहे ते चाचपायचं, आणि पोटाला लाकडी नळी लावून ठोके ऐकायचे. त्यासाठी बाई दवाखान्यात यायला हवी. बाया येत नसत. डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष, बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसलेले तेही पुरुषच. पहिले सहा महिने माझ्याकडे तपासून घ्यायला आली ती एकटी फौजदारांची बायको, आणि तिला काही झालेलं नव्हतं.

दवाखान्याच्या मागे ठकूबाईचा मळा होता. पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. मला भाजी तीच द्यायची. एकदा म्हणाली, "बाई, हितं बसून काय माशा मारता? आयतवारी पुलावर या की."

"पुलावर कशाला?"

"या तर. आन् ती नळी आना संगं."

पूल अरुंद होता. अकोल्याकडच्या सागाचा, वर पत्रा, दोन्ही अंगांना कमरेइतका कठडा आणि कठड्याला लागून बाकं. गाडी जाण्याइतकी रुंदी नव्हती. म्हणून बाजाराच्या दिवशी पलीकडच्या वाडीतले पुरुष बैलगाड्या घेऊन खालून पात्रातून यायचे, आणि नदीला पाणी असलं की वरच्या अंगाला पात्रात घातलेल्या दगडी फरशीवरून. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका तेवढ्या पुलावरून. रविवारी पूल बायकांचाच असायचा.

मी गेले तेव्हा सगळी बाकं भरलेली. प्रत्येक बाकावर दोघी दोघी, मध्ये एक टोपली. दुरून बघणाऱ्याला वाटावं, भाजीचा भाव चाललाय. जवळ गेल्यावर दिसलं की टोपलीतल्या मेथीखाली फडक्यात बांधलेल्या पोळ्या आहेत, आणि त्या एकजण दुसरीला खाऊ घालते आहे. खाणारी तोंड फिरवून नदीकडे बघत भराभरा खात होती.

"ह्या मायलेकी," ठकूबाई म्हणाली. "सगळ्याच."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी पाणी प्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. पाणी प्यायचं नाही म्हणजे जायचंच नाही, कारण उन्हातून आलेल्या माणसाने पाणी नाकारायचं तरी किती वेळा? लेकीने माहेरी यायचं ते सणाला, तेही सासरच्यांनी धाडलं तर. आमच्या गावच्या निम्म्या लेकी नदीपलीकडे दिलेल्या. घरं एकमेकींच्या धुराच्या टप्प्यात, आणि भेट नाही. पूल मात्र कुणाच्याच घरचा नव्हता. त्यावर एकदा वादही झाला म्हणे, की लेकीने पलीकडच्या विहिरीचं पाणी पुलावर आणलं तर आईला चालतं का. काशीबाई नावाच्या एका म्हातारीने निकाल दिला होता, "खाली नदी हाय. नदीला ना सासर ना म्हायेर. प्या."

त्या रविवारपासून माझा दवाखाना पुलावर भरू लागला. तपासायची बाई बाकावर आडवी व्हायची आणि चारपाच जणी पदर पसरून भोवती उभ्या राहायच्या. पुलाच्या फळ्या वाजायच्या, हा आणखी एक फायदा. अनवाणी बाईचं पाऊल वेगळं आणि पुरुषाच्या वहाणा वेगळ्या. वहाणा वाजल्या की पदर खाली, बाई उठून बसलेली, आणि कुणीतरी मोठ्याने, "दोडकी जून हायती, न्हाई घ्यायची मला." माझ्या पिशवीवर कोथिंबिरीची जुडी. एका आजीबाईंनी मला सुनेची जीभ कमी चालावी म्हणून औषध मागितलं होतं. तसलं औषध असतं तर मी आधी ठकूबाईला दिलं असतं.

ठकूबाईची लेक गया. दोन बाळंतपणं माहेरी झालेली, रीतीप्रमाणे, आणि दोन्ही मुलं जन्मतःच गेलेली. सासरच्यांनी दोष माहेरावर ठेवला. आता ही माहेरी जाणार नाही, असं ठरवून टाकलं. मूल नाही म्हणून ठकूबाईला तिकडे जाता येईना, आणि माहेर बंद म्हणून गयाला इकडे येता येईना. उरला रविवारचा पूल. ठकूबाई वाटेत कुठे थांबायची नाही. डावीकडच्या पहिल्या बाकावर येऊन बसायची आणि पलीकडच्या तोंडाकडे बघत राहायची. गया दिसली की लगेच दुसरीकडे बघायची, जणू कुणाची वाट पाहतच नव्हती.

गयाला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यापासून मी तिला दर रविवारी तपासत होते. पायांवर सूज होती. अंगठा दाबला की खळगा राहायचा. मी मीठ बंद करायला सांगितलं. आळणी कालवण वेगळं कसं मागायचं सासूजवळ? मग आठवड्यातून एकदा का होईना, ठकूबाई आळणी भाजी-भाकरी टोपलीतून आणायची, आणि बाकीचे दिवस गया मिठाचा खडा हळूच बाजूला काढायची. एकदा ठकूबाई म्हणाली, "बाई, मला ऐकू द्या की एकडाव."

मी नळी तिच्या कानाला लावून दिली. ती लेकीच्या पोटाशी वाकली. बराच वेळ तशीच राहिली. गया म्हणाली, "आये, ऊठ की. मान धरंल."

"गप," ठकूबाई म्हणाली. "आत कुनीतरी कांडन कांडतंय."

त्याच हिवाळ्यात माझी आई पुलावर आली. संगमनेरला भाचीच्या लग्नाला निघाली होती, वाटेत आमच्या गावी मोटार बदलायची होती. मधल्या वेळात भेटते, असा निरोप होता. भेटायचं कुठे? खोलीवर ती आली नसती. निरोप्याने पुढे सांगितलं, "पुलावर बसते म्हणाल्या." मी पत्रांतून पुलाबद्दल कधीतरी लिहिलं होतं. वाचलेलं तिने लक्षात ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

रविवार होता. मी पोचले तेव्हा ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसली होती. मी म्हटलं, "दोन बायका तपासायच्या राहिल्यात. तेवढं आटपते." तिने मान हलवली. मी कामाला लागले. वारा होता, पदर उडत होते, एका बाजूने आडोसा राहीना. एकाएकी ती बाजू झाकली गेली. मी वर पाहिलं नाही. तपासून झाल्यावर बघते तर आई उभी होती, कुणा कुणब्याच्या सुनेसाठी आपला पदर दोन्ही हातांनी ताणून धरून, तोंड नदीकडे केलेलं.

मी हात धुतले. तांब्या खाली ठेवणार, तर ती म्हणाली, "मलाही दे थोडं. तहान लागली आहे."

मी वरून ओतलं, ती ओंजळीने प्याली. तोंड पुसून म्हणाली, "जागा बरी आहे गं. पुढच्या खेपेला सवड काढून येईन." मोटारीची वेळ झाली होती. मी तिला बसवून दिलं.

पुढची खेप म्हणजे पुढचा हिवाळा, असं मी धरून चालले.

लढाई संपत आली होती. त्याच सुमाराला नदीवर थोडं खाली सरकारी पूल तयार झाला. दगडी, रुंद, लॉरी जाईल असा. म्युनिसिपालिटीत प्रश्न निघाला, मग जुना लाकडी कशाला? सागवानाला आणि पत्र्याला तेव्हा सोन्याची किंमत होती. अध्यक्षसाहेब वकील होते, सभ्य माणूस. त्यांनी ठरवलं की पुलाचा उपयोग किती होतो ते बाजाराच्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं, आणि मग निर्णय घ्यायचा. याहून रास्त काय असणार?

बातमी दोन्ही काठांना पोचली. बरोबर हेही पोचलं की अध्यक्षांसोबत ओव्हरसियर आणि वाडीचे पाटील येणार आहेत. पाटील म्हणजे पलीकडच्या निम्म्या सुनांचे चुलतसासरे.

त्या रविवारी मी पिशवी घेऊन पुलावर गेले आणि तोंडाशीच थबकले. सगळी बाकं रिकामी. एकही बाई आली नव्हती. ज्यांना पूल हवा होता त्या सगळ्यांनी एकच विचार केला होता, की आज आपण तिथे दिसता कामा नये. पूल वाचवायचा तर तो भरलेला दिसायला हवा, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. आपण काही करत नाही असं दाखवायची इतकी वर्षांची सवय होती.

नाही म्हणायला ठकूबाई होती. पहिल्या बाकावर, टोपली मांडीवर घेऊन. आज गया येणार नाही हे तिला माहीत होतं. "पर आलीच तर?" ती म्हणाली.

फळ्यांवर वहाणा वाजल्या. अध्यक्ष, ओव्हरसियर, पाटील आणि दोन मेंबर. अध्यक्षांनी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"नर्सबाई, आज बाजार ना?"

"हो."

"मग माणसं कुठे आहेत?"

"येतात. आज नाही आली."

"बरं, येतात ती कशाला येतात?"

"सावलीला बसतात."

"सावली चिंचेखाली आहे की. शिवाय नवा पूल आहे." ते ठकूबाईकडे वळले. "तुम्ही काय विकता, आजी?"

"भाजी."

"टोपली तर रिकामी आहे."

"खपली," ठकूबाई म्हणाली.

पाटील हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही दर रविवारी इथे असता असं ऐकलं. काही कामाचं कारण असेल तर सांगा. मी नोंद घेईन. खरंच घेईन."

मी पाटलांकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर पूल कदाचित वाचला असता. आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक घरात सुनेला विचारलं गेलं असतं, तू तिथे कुणाला भेटतेस? पूल राहिला असता आणि त्यावर कुणी आलं नसतं. ठकूबाई माझ्याकडे बघत होती. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

"वारा बरा लागतो," मी म्हटलं.

लिलाव झाला. पावसाळ्याच्या आत पूल उतरवला. साग नगरला लॉऱ्यांच्या बांधणीसाठी गेला, पत्रे एका गुऱ्हाळावर चढले. सुतार रोज काठावर येऊन बसायचा. मी एकदा त्याच्याशी बोलले. म्हणाला, "बघा, एक फळी कुजलेली निघाली न्हाई."

नवा पूल उघडा होता. त्यावर गाड्या, लॉऱ्या, गुरं आणि गाडीच्या पुढे चालणारे नवरे. थांबायला जागा नव्हती. थांबलं तर मागचा हाकारायचा. ठकूबाई घाटावर जाऊ लागली. ठरल्या वेळी ती अलीकडे धुणं धोपटायची आणि गया पलीकडे. बोलायची सोय नव्हती, मध्ये पाणी आणि आजूबाजूला माणसं. तेवढे धोपटण्याचे आवाज. ठकूबाईची धुतलेलीच लुगडी पुन्हा पुन्हा धुतली जात होती.

गयाला आठवा लागला होता आणि मला तिची सूज बघता येत नव्हती. एक दिवस मी सरळ तिच्या घरी गेले. सासू राधाबाई दारात आडवी उभी राहिली. धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आमच्याकडं कुनी आजारी न्हाई, बाई."

"सहज आले होते."

"सहज या." मी ओटा उतरत होते तेव्हा मागून म्हणाली, "पायाला वाईच सूज वाटती. काय करावं?"

"मीठ बंद करा. आणि कळा लागल्या की मला बोलवा."

ती वळून आत गेली. पण त्या दिवसापासून त्या घरात गयाचं कालवण आळणी शिजू लागलं, हे मला मागाहून कळलं. आणि भर दुपारी एकदा राधाबाई स्वतः नव्या पुलावरून तरातरा चालत दवाखान्यात आली. ओट्यावरच्या पुरुषांनी तंबाखू मळायची थांबवली. ती मला म्हणाली, "चला."

बाळंतपण अवघड होतं, पण कशासाठी तयार राहायचं ते मला आधीपासून माहीत होतं. ते पुलामुळे. मुलगी झाली. रडायला वेळ लावला, मग थांबेना.

बारशाला ठकूबाईला रीतसर बोलावणं गेलं. मीही होते. विहीणबाईंसाठी घोंगडी अंथरलेली होती, तिच्यावर धुतलेली चादर. ठकूबाई नवं लुगडं नेसून अवघडून बसली. राधाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या इनबाई."

ठकूबाईने तांब्या घेतला. सगळ्या बायका बघत होत्या. ती एका दमात प्याली आणि म्हणाली, "ग्वाड हाय पानी."

"नदीकाठचीच हीर हाय," राधाबाई म्हणाली.

विहिणीला एकटं सोडून उठणं हा अपमान, म्हणून राधाबाई तिच्याशेजारी बसून राहिली. आईशी बोलायचं तर सासूसमोर काय बोलणार, म्हणून गया पाळण्याची दोरी ओढत राहिली. ठकूबाईने दोनदा नातीकडे पाहिलं, दोनदा आढ्याकडे. टोपली मध्ये नव्हती, नदीकडे तोंड फिरवायची सोय नव्हती. "पाऊस बरा झाला औंदा," ठकूबाई म्हणाली. "व्हय," राधाबाई म्हणाली. ज्या घरासाठी ठकूबाईने इतकी वर्षं वाट पाहिली होती, त्यात ती एकदाची पोचली होती, आणि लेकीशी तिचं चार शब्दांचंही बोलणं झालं नाही.

आईचंही इथेच सांगते. पुढचा हिवाळा आला, तेव्हा मी कळवलं की सवड काढून ये. भावाकडून उत्तर आलं, ती विचारते आहे की तो पूल काढला ना, मग भेटायचं कुठे? मी लिहिलं, माझी खोली आहे. त्यावर उत्तर आलं नाही. भिंगारला मी जात राहिले. माझं भांडं वेगळंच राहिलं, आणि ती आता नाही.

बारशाच्या दिवशी मला पोचवायला राधाबाई वेशीपर्यंत आली. तिथून नवा पूल दिसत होता, आणि वरच्या अंगाला जुन्या पुलाचे दोन चिरेबंदी खांब, वर काही नसलेले.

"तुमाला काय वाटलं, आमाला ठावं न्हवतं?" ती एकदम म्हणाली.

"काय?"

"आयतवारचं. आमच्या सुना कोनाला भेटत्यात ते. समद्या सासवांना ठावं हुतं. पर कुनी तोंडानं बोललं असतं तर बंद करावं लागलं असतं. म्हनून आयतवारी आमाला घरात काम निघायचं." ती खांबांकडे बघत राहिली. "मी बी तुमच्या गावचीच लेक. माझी आय मला तिथंच भेटायची. डाव्या हाताचं पहिलं बाक. त्यावर ठकूबाई बसायच्या नंतर."

मी पिशवी खाली ठेवली.

"तुमची आय हाय का, बाई?"

"आहे. भिंगारला."

"येती का कधी?"

"एकदा आली होती," मी म्हटलं. "तिथेच."

राधाबाईने मान हलवली. मग म्हणाली, "जावा आता, लॉऱ्या सुरू व्हायच्या," आणि मी पिशवी उचलून नव्या पुलाच्या कडेकडेने निघाले.